बाद केलेलं रीडिंग

१ तारीख, सोमवार

घड्याळ आलं. खोका मी दारातच उभ्या उभ्या फाडला, हे इथे लिहायला हरकत नाही, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. नाडीचे ठोके, पावलं, झोप, व्यायाम सगळं मोजतं. आत स्वतःचं सिम आहे, त्यामुळे घालणारा कुठे आहे ते माझ्या फोनवर नकाशात दिसतं. कुणी जोरात पडलं आणि मिनिटभरात उठल्याचं सांगितलं नाही तर आपणहून मला कळवतं. एवढंसं यंत्र आणि केवढा तोरा. त्याला कधी एकदा तपासते असं झालंय.

तपासणं हेच माझं काम. वजनकाटे, तापमापक, दाब दाखवणारी गेज, सगळं आमच्या लॅबमध्ये येतं आणि ते खरं बोलतं की थापा मारतं ते आम्ही ठरवतो. चौदा वर्षं झाली. नव्या साधनावर पहिल्या दिवशी विश्वास ठेवायचा नाही, हे आता अंगवळणी पडलंय.

घड्याळ माझ्यासाठी नाहीच. आईंसाठी, म्हणजे सासूबाईंसाठी आहे. मागच्या आठवड्यात आमच्या लॅबच्या प्रमुखांनी, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात, मला आत बोलावलं. सहा तासांवरच्या शहरात नवी लॅब निघतेय आणि ती मी उभी करावी असं त्यांच्या मनात आहे. रिकामी इमारत, कोरी यंत्रं, माणसं मी निवडायची. सव्वीस तारखेपर्यंत उत्तर हवंय. नवरा लांबच्या मार्गावर बस चालवतो, चार दिवस रस्त्यावर आणि दोन दिवस घरी. तो म्हणाला, "माझं काय, बस तिथूनही सुटते."

राहता राहिल्या आई. वय सदुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि हे घर सोडायला त्या साफ नाही म्हणतात. त्या एकट्या राहू शकतील का, एवढाच सगळा प्रश्न आहे. घड्याळ त्याचं उत्तर देणार आहे. आठवडाभर मी घालून तपासणार, मग आईंच्या हातात. आकडे ठीक आले तर जायचं, नाही तर नाही. इतका सोपा हिशेब आयुष्यात क्वचितच मिळतो.

२ तारीख, मंगळवार

दात घासताना बावन्न पावलं मोजली. मी बेसिनसमोर उभी होते. लिहून ठेवलं. कपडे विसळताना म्हणालं, "छान चालताय, चालू ठेवा." तेही लिहून ठेवलं. म्हणजे हात हलला की याला वाटतं माणूस निघाला. नाडी मात्र चोख. मी बोटांनी दहा वेळा मोजून पाहिली, एका ठोक्याच्या वर फरक नाही.

दुपारी मोठ्या बाईंनी नव्या इमारतीचा नकाशा टेबलावर पसरला. तापमानाची खोली कुठे हवी, असं मला विचारलं. मी बोट ठेवलं. नंतर घड्याळ पाहिलं तर नाडी ११८. खुर्चीत बसून. माझ्या शेजारच्या टेबलावर वजनकाटे तपासणारा आहे, त्याला आम्ही काटेवाला म्हणतो. तो म्हणाला, "प्रेमात पडलीस की काय?" त्याला सांगितलं की लिफ्ट बंद होती, जिना चढून आले होते. जिना चढून पाऊण तास झाला होता, पण त्याला कशाला सांगायचं.

४ तारीख, गुरुवार

घरी आले तर आई स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होत्या. मी म्हटलं, "आई, खाली उतरा आधी." त्या उतरल्या. मला त्यांचं हे फार आवडतं, सांगितलेलं ऐकतात. मैत्रिणींच्या सासवांच्या गोष्टी ऐकल्या की वाटतं, माझं नशीब थोर. आमच्यात कधी वाद म्हणून नाही. दुपारच्या उन्हात बाहेर नको म्हटलं, बंद. गर्दीची बस नको म्हटलं, बंद. गेल्या वर्षी गुडघ्याच्या डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सुचवले होते. मी म्हटलं, या वयात ओल्या फरशीवर घसरल्या म्हणजे? त्या म्हणाल्या, "बरं." विषय संपला.

माझी स्वतःची आई मी अकरा वर्षांची असताना गेली. त्यामुळे या आईंना मी तळहातावरच्या फोडासारखं जपते, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

७ तारीख, रविवार

माझी तपासणी पूर्ण. निकाल असा: नाडी उत्तम, नकाशा उत्तम, झोप बरी, पावलं हात हलवणाऱ्या माणसाच्या बाबतीत भोंगळ. संध्याकाळी पलंगावर गादी टाकून तिच्यावर सरळ अंग टाकून दिलं, पडल्यावर फोन येतो का बघायला. तिसऱ्या खेपेला आला. नवरा दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "बायको वेडी झाली तर हे कुणाला कळवतं?"

रात्री जेवताना घड्याळ आईंच्या मनगटावर बांधलं. नियम समजावून दिला: काढायचं नाही. अंघोळीला नाही, भांडी घासताना नाही, झोपतानाही नाही. पाण्याने काही होत नाही. आईंनी विचारलं, "पाण्याने काहीच होत नाही? अगदी बुडालं तरी?" मी म्हटलं, बादलीत बुडवून ठेवा. त्या म्हणाल्या, "बरं."

काय काय मोजतं ते मी सांगत बसले नाही. ज्याचं मोजायचं त्याला सगळं सांगितलं की तो सावध वागतो आणि आकडे बिघडतात.

८ तारीख, सोमवार

पहिला दिवस. लॅबमध्ये दर दहा मिनिटांनी फोन काढत होते. काटेवाला म्हणाला की शाळेत घातलेल्या पोराची आईसुद्धा एवढं डोकावत नाही.

संध्याकाळी पूर्ण अहवाल उघडला आणि हसून हसून पुरेवाट झाली. सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी: "पोहणे, २२ मिनिटं, १४ फेऱ्या."

आई म्हणे पोहल्या. ज्या बाईला मी गर्दीच्या बसमध्ये चढू देत नाही, ती चौदा फेऱ्या पोहली. मी त्यांना काही बोलले नाही, फक्त विचारलं, "सकाळी अकराच्या सुमारास काय करत होतात?" त्यांनी जरा आठवल्यासारखं केलं. "कपडे धुतले," म्हणाल्या, "चादरी होत्या." आलं लक्षात. दोन्ही हात मागेपुढे, पाणी, ओलं मनगट. यंत्राची काय चूक, त्याला हात तेवढे दिसतात.

१० तारीख, बुधवार

पुन्हा पोहणे. २३ मिनिटं, १५ फेऱ्या. आज म्हणे पडदे धुतले. आमच्याकडे बाहेरच्या खोलीत दोनच पडदे आहेत, पण असो, आईंचं कपडे धुणं नेहमीच जोरदार.

खरी काळजी निराळी आहे. त्या बावीस-तेवीस मिनिटांत नाडी १२६ पर्यंत गेली. सोमवारीही १२४ होती, माझं लक्ष पोहण्याच्या विनोदाकडे होतं म्हणून सुटलं. चादरी धुताना १२६?

काल मात्र सगळं शांत होतं. अकरा वाजता ७०.

१२ तारीख, शुक्रवार

आजही. २३ मिनिटं, १६ फेऱ्या, नाडी १२८. फेऱ्या रोज एकेकाने वाढतायत. आमच्या कामात याला सरकणं म्हणतात: साधन पहिल्या दिवशी थोडं चुकतं आणि मग हळूहळू चुकीच्याच बाजूला सरकत जातं. मी पोहण्याच्या तिन्ही रीडिंगवर आडवी रेघ मारून "बाद" लिहिलं. कंपनीलाही लांबलचक तक्रार पाठवली की तुमचं घड्याळ धुण्याला पोहणं समजतं.

घरी न्हाणीघरात टॉवेल ओला होता, संध्याकाळी पाच वाजता. शिवाय आईंच्या अंगाला हल्ली औषधी वास येतो, फरशी धुवायची पावडर असते तसा. मी त्यांना बजावलं की ती पावडर इतकी वापरायची नाही, छातीला लागते. त्या म्हणाल्या, "बरं." मी डबा कपाटात वर ठेवून दिला, त्यांचा हात पोचणार नाही असा.

१३ तारीख, शनिवार

आईंनी आज दोनदा भात वाढून घेतला आणि वर टोस्ट खाल्ला. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने ताटात पाहिलं.

डोळ्यांभोवती त्यांना दोन गोल वळ दिसतात, चष्म्याच्या काचांपेक्षा मोठे. काल संध्याकाळी जास्त होते, आज फिकट. चष्मा घट्ट झालाय. आठवड्यात वेळ काढून बदलून घ्यायला हवा.

बाकी चेहरा मात्र टवटवीत. गालांवर लाली आहे. काटेवाल्याला सांगितलं तर म्हणाला, चांगलंच की. मी म्हटलं, अरे रक्तदाबानेही लाली येते.

१५ तारीख, सोमवार

२५ मिनिटं. १८ फेऱ्या. १३१.

तो आकडा पुन्हा पुन्हा बघत बसले. लॅबमध्ये तेलाच्या टाकीत तापमापक सोडून ठेवले होते, ते वेळेवर काढायचे राहिले. चौदा वर्षांत असं झालं नव्हतं. मोठ्या बाईंनी ते पाहिलं.

घरी फोन केला तेव्हा पावणेबारा झाले होते. तीन वेळा वाजला, उचलला नाही. सव्वाबाराला आईंनीच उलट केला. मागे गाड्यांचा आवाज येत होता. म्हणाल्या, खिडकीत उभी आहे. मी विचारलं, छातीत धडधडतंय का. त्या म्हणाल्या, "मस्त धडधडतंय." मस्त काय त्यात?

१६ तारीख, मंगळवार

आज काटेवाल्याशी भांडण झालं. म्हणजे मी भांडले, तो डबा खात होता.

मी त्याला सगळे आकडे दाखवले. तो बघत राहिला आणि म्हणाला, "एकाच वेळेचं, एकाच घड्याळाचं एक रीडिंग तू खोटं म्हणून बाद केलंस आणि दुसरं खरं म्हणून छाती पिटतेयस. हे तुझ्याकडून शिकायचं का आम्ही?"

मी म्हटलं, नाडी मी स्वतः तपासली होती, पोहणं तपासलं नव्हतं. तो म्हणाला, "मग तपास."

आता पोहणं काय तपासायचं? सोमवार, बुधवार, शुक्रवार आई कपडे धुतात, त्याच दिवशी हे दिसतं. कारण समोर आहे. माणसाला घरातलं ठाऊक असतं, बाहेरच्याला नुसते आकडे दिसतात. मी त्याला तसं सांगितलं. त्याने डब्याचं झाकण लावलं.

नकाशाही उघडून बघावासा वाटला होता. पण तो मी पडण्याच्या प्रसंगासाठी ठेवलाय. ऊठसूट आई कुठे आहेत ते बघणं मला बरं वाटत नाही. अकरा वाजता त्या घरीच असतात.

१७ तारीख, बुधवार

पुन्हा तेच, २५ मिनिटं. मोजणंसुद्धा नकोसं झालंय. डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली.

२० तारीख, शनिवार

डॉक्टरांकडे जाऊन आलो. हृदयाचा आलेख काढला, रक्तदाब घेतला, जिना चढायला लावला. आई कठड्याला हात न लावता चढल्या, हे मला आवडलं नाही, पण डॉक्टरांसमोर बोलले नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "सगळं उत्तम आहे. व्यायाम काय करता?"

आई म्हणाल्या, "घरकाम."

"असंच घरकाम चालू ठेवा," डॉक्टर म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. मला कळेना हसण्यासारखं काय होतं. मी फोन काढून आकडे दाखवले, फक्त नाडीचे. पोहण्याचे बाद केलेले दाखवून वेळ कशाला घालवायचा. डॉक्टरांनी नजर टाकली न टाकली. म्हणाल्या, "हे तर छान आहे." मग मी दुसऱ्या डॉक्टरांची चौकशी सुरू केली.

परत येताना आईंनी रिक्षात विचारलं, "तुला तिकडे जायचंय ना?"

मी म्हटलं, "तुमची तब्येत आधी."

"मी तब्येतीचं विचारलं नाही."

मी बाहेर बघत राहिले. जायचंय. इथे लिहून टाकते, जायचंय. रात्री डोळे मिटले की ती रिकामी इमारत दिसते. कुठल्या भिंतीला कुठलं टेबल लागणार ते मला पाठ आहे. पण सदुसष्ट वर्षांच्या बाईची नाडी एकशे एकतीसवर सोडून टेबलं लावायला गेले तर मी माणूस कसली?

२२ तारीख, सोमवार

२७ मिनिटं. २० फेऱ्या. १३२.

ठरलं. मोठ्या बाईंना सांगितलं की बहुतेक जमणार नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बहुतेक हा शब्द तुझ्या तोंडी पहिल्यांदा ऐकला," म्हणाल्या, "तुझा प्रत्येक निकाल पक्का असतो." मग म्हणाल्या, लेखी दे, बुधवारी दुपारी बारापर्यंत, म्हणजे दुसऱ्या कुणाला विचारता येईल.

पत्र चार ओळींचं आहे. "घरगुती कारणास्तव." लिहायला दीड तास लागला.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो कुठल्यातरी थांब्यावर चहा पीत होता. कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "पत्र देण्याआधी एकदा आईशी नीट बोल." मी म्हटलं, बोलून काय होणार, आकडे बोलतायत. तो म्हणाला, "मी वचन दिलंय म्हणून मला जास्त बोलता येत नाही." आणि गाडी सुटतेय म्हणून फोन ठेवला. कुणाला वचन, कसलं वचन? दोन दिवस रस्त्यावर काढले की हा माणूस कोड्यात बोलायला लागतो.

२४ तारीख, बुधवार

उशीर झालाय, पण आजच लिहायला हवं.

सकाळी पत्र पांढऱ्या कोटाच्या खिशात घातलं. बाराला द्यायचं होतं. अकरा चाळीसला मी तेलाच्या टाकीवर वाकलेली असताना फोन किंचाळला. याआधी तो आवाज मी गादीवर पडून काढला होता. "जोरात पडल्याची शक्यता. उत्तर नाही."

मी टाकी तशीच सोडली. काटेवाल्याने मागून काहीतरी विचारलं. जिन्यावर नकाशा उघडला: ठिपका घरी नव्हताच. घरापासून दोन किलोमीटरवर, बस डेपोच्या समोर. मनात काय काय आलं ते लिहीत नाही. भर रस्त्यात, अनोळखी माणसांत, असं काहीतरी. टॅक्सीवाल्याला म्हटलं, डेपो. तो म्हणाला, कुठल्या गाडीला जायचंय? मी म्हटलं, "पळव रे बाबा."

डेपोसमोर एक मोठी, खालच्या खिडक्या रंगवलेली इमारत आहे. ठिपका तिच्या आत. दारातच तो वास आला, फरशी धुवायच्या पावडरीचा. खिडकीतली बाई म्हणाली, "तिकीट." मी म्हटलं, माझी आई पडलीय. ती उठून माझ्यापुढे धावली. कपडे बदलायची जागा, ओल्या बायका, ओली फरशी, मी बुटांसकट. कुणीतरी ओरडलं, "बूट काढा."

आणि समोर पोहण्याचा तलाव. खोल बाजूच्या काठावर लाल टोपी घातलेली एक बाई, हात पुढे करून, गुडघे वाकवून उभी. मनगटावर घड्याळ. शिकवणारी मुलगी पाण्यातून म्हणत होती, "मावशी, मघाशी पोटावर पडलात. आता पाय आधी."

मी तोंड उघडलं होतं. नक्की काय म्हणणार होते ते मला चांगलंच माहीत आहे. पण त्याआधी आईंनी उडी मारली.

पाण्याचा केवढा आवाज झाला. मग काहीच नाही. मग लाल टोपी वर आली, तोंड पुसलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं घाबरतील, ओशाळतील. त्या म्हणाल्या, "आलीस? थांब जरा, दोन फेऱ्या राहिल्यात."

मी बाकावर बसले. मोजल्या. पलीकडची भिंत, अलीकडची भिंत, पुन्हा तेच. संथ, पण सरळ रेषेत, एकदाही थांबल्या नाहीत. घड्याळाने एकाही दिवशी खोटं सांगितलं नव्हतं. मी कोटाने नाक पुसत होते आणि खिशातलं पत्र माझ्या हाताला लागत होतं.

त्या शेजारी येऊन बसल्या. अंगाला टॉवेल, डोळ्यांभोवती दोन गोल वळ. मला राग आला होता आणि रडूही येत होतं. म्हटलं, "किती दिवस?"

"दोन महिने. पहिल्या दिवशी तुझ्या नवऱ्याने डेपोत जाताजाता सोडलं. नंतर माझी मीच बसने येते."

"गर्दीच्या बसने?"

"गर्दीच्या बसने."

"मी काय शत्रू आहे का? मला का नाही सांगितलंत?"

आईंनी टोपी पिळली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. आणि तू नको म्हटलंस की मी ऐकते. मला ती सवय मोडायची होती."

शिकवणारी मुलगी दोन कप चहा ठेवून गेली.

"तू माया करतेस ते कळतं मला," त्या म्हणाल्या. "पण उद्या तू गेलीस आणि मी तुझ्या 'नको'च्या आधारावर बसून राहिले, तर नको म्हणायला कोण येणार होतं? आणि तू गेली नसतीस, तर माझ्यामुळे गेली नाहीस असं आयुष्यभर दोघींना वाटलं असतं. ते नको होतं मला."

चहा पिऊन झाल्यावर मी पत्र काढलं. ओल्या हातांनी त्याचा लगदाच झाला होता. त्यांनी विचारलं, काय आहे. मी म्हटलं, चुकलेला निकाल आहे, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

लॅबमध्ये परत जायला दीड वाजला. काटेवाल्याने माझी टाकी सांभाळली होती. मोठ्या बाईंनी माझ्या भिजलेल्या बुटांकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी जातेय. पक्कं."

२५ तारीख, गुरुवार

दिवसभर हवेत होते. काटेवाल्याला सगळं सांगितलं. तो एकदाही "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हणाला नाही, माणूस मोठ्या मनाचा. नव्या लॅबमध्ये येतोस का विचारलं. म्हणाला, बायकोला विचारतो.

रात्री जेवणं झाल्यावर आईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी म्हटलं, राहू दे, आता तर त्याचा खरा उपयोग.

"मी एकटी राहीन," त्या म्हणाल्या, "पण हे लावून नाही."

मी सगळी वकिली केली. पडलात तर, अचानक काही झालं तर. कालच त्याने किती चोख कळवलं. यंत्र उत्तम आहे, माझी स्वतःची तपासणी आहे. त्या ऐकून घेत होत्या.

"यंत्र उत्तमच आहे," म्हणाल्या. "पण मी किती वाजता झोपले, किती वाजता उठले, कुठे गेले, हे तुला माझ्याआधी कळतं. मग मी तुला काय सांगायचं? फोन कर आणि विचार. मी सांगेन ते खरं मान."

"खरं मान? पंधरा दिवस चादरी धूत होतात तुम्ही."

त्या इतक्या हसल्या की नवरा आतून बाहेर आला. "अगं," डोळे पुसत म्हणाल्या, "आता खोटं बोलायचं कारणच उरलं नाही."

तो वाद मी हरले, आमच्यातला पहिलाच. घड्याळ आता माझ्याच हातात आहे. आईंच्या नाडीचा आकडा उद्यापासून दिसणार नाही, हा विचार करताना धाकधूक होते, हे खरं आहे. जायच्या विचाराने आनंदाने उडी मारावीशी वाटते, हेही तितकंच खरं आहे.

दोन महिन्यांनी, ५ तारीख, सोमवार

आज नवी लॅब सुरू झाली. सकाळी साडेसातला मी स्वतः कुलूप उघडलं. सगळं कोरं, टेबलांवरचा प्लॅस्टिकचा कागदही आम्हीच फाडला. तापमानाची खोली मी बोट ठेवलं होतं तिथेच आहे. पहिलं साधन आलं ते एका बेकरीचा भट्टीचा तापमापक. बेकरीवाला म्हणाला, महिनाभर पाव करपतोय, सगळे कारागिराला बोल लावतायत. आम्ही तपासला. बावीस अंश कमी दाखवत होता. कारागिराची काहीच चूक नव्हती. बेकरीवाला चटकन निघाला, म्हणाला, आधी त्याची माफी मागतो. पहिल्याच दिवशी इतकं छान काम मिळावं याचा आनंद मी कुठे ठेवू असं झालं. काटेवाला नव्या खुर्चीत गोल गोल फिरत होता, मी त्याला काही बोलले नाही.

नवरा आज रस्त्यावर आहे. आठ वाजता आईंना फोन केला.

"आज काय केलंत?"

"पोहले. चोवीस फेऱ्या. मग घरी आले आणि न्हाणीघरात घसरले."

मी खुर्चीचा हात धरला. त्या पुढे बोलत होत्या, शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तसं. उजव्या कोपराला खरचटलं, गुडघ्याला मार लागला, हाड नाही. थोडा वेळ फरशीवर बसून राहिल्या, मग बादली धरून उठल्या. औषध लावलं. शेजारीण येऊन बघून गेली. उद्या सुतार येऊन भिंतीला धरायला दांडी बसवणार आहे, त्यांनीच बोलावलंय.

माझ्या तोंडाशी किती गोष्टी आल्या. मी उद्या येते. पोहणं बंद. शेजारणीला तिथे झोपायला सांगा. रात्री दहाची बस आहे, पहाटे पोचते, बॅग कपाटावरच आहे. त्या सांगायच्या थांबल्या आणि वाट बघत राहिल्या. मी काय म्हणते याचीच त्या वाट बघत होत्या, हे मला कळलं.

मी विचारलं, "दुखतंय का फार?"

"दुखतंय," त्या म्हणाल्या. "झोपेन नीट."

"बरं," मी म्हटलं.

पलीकडे त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज, त्या नीट बसल्या असाव्यात.

"आता तू सांग," म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग, कुलूप उघडल्यापासून."

मी पाऊण तास बोलत होते.